आधी पत्रिका छापा, मग पाया खणा

बंगला बांधायला काढताय? मग पहिलं काम वास्तुशांतीची तारीख धरण्याचं. दसऱ्याला भूमिपूजन, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत. मध्ये साडेसहा-सात महिने मिळतात. तेवढ्यात हजार चौरस फुटांचे दोन मजले उभे राहायलाच हवेत. कसे, ते सिमेंटने बघावं.

काही इंजिनिअर उलटा हट्ट धरतात. आधी कामांची यादी, कोणतं काम कशासाठी खोळंबतं ते, प्रत्येकाचे दिवस आणि मग तारीख. क्रिटिकल पाथ म्हणतात त्याला; १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत ही पद्धत निघाली. कामांची सगळ्यात लांब साखळी शोधायची. त्या साखळीतलं एक काम दिवसभर लांबलं की सगळं घर दिवसभर लांबतं. बाकीच्या कामांना थोडीफार सवड असते. तुमच्या बंगल्यात ती साखळी पाया, जोतं, कॉलम, स्लॅब, टेकू, वीटकाम, गिलावा अशी जाते. म्हणून तिच्याकडे पाहूच नका. पहिले दोन महिने खिडक्यांच्या ग्रॅनाइटचा रंग निवडा. आरसीसीचं, म्हणजे काँक्रीटमध्ये सळई कुठे किती ते सांगणारं, ड्रॉइंग सळई येऊन पडल्यावर मागवलं तरी चालतं. फिटर अनुभवी असतो, तो अंदाजाने रिंगा वळतो.

पायासाठी जागेवर चाचणी खड्डा घेण्याची गरज नाही. जेसीबीचा अर्धा दिवस वाचतो. अंदाजपत्रकात पाच फूट लिहिलंय ना, मग पाच फुटांवर काळी माती संपून मुरूम लागलाच पाहिजे. नाही लागला, तर मुरमाची चूक. जोतं झाल्यावर पालिकेकडून तपासणी करून दाखला घ्यायचा असतो, तोही राहू द्या. सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत, भिंत नऊ इंच पुढे आल्याचं भोगवटा प्रमाणपत्र मागताना कळलं, की निदान घर बांधून तरी झालेलं असतं.

सिमेंट एकरकमी घ्या. चारशे गोण्या घेतल्या की दुकानदार गोणीमागे चार-पाच रुपये सोडतो. फळ्या वगैरे न घालता जमिनीवरच, भिंतीला चिकटून, छपरापर्यंत थर लावा. गोणीवर उत्पादनाचा आठवडा छापलेला असतो. तो वाचायची सवय लावून घेऊ नका. तीन महिन्यांत सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने उतरते, पण गोणी दिसायला तशीच असते.

माणसांचं नियोजन तर आणखी सोपं. दिवाळीला गावी गेलेली टोळी तुळशीचं लग्न लावूनच परतणार, आणि शिमग्याला पुन्हा जाणार, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. तुम्ही वेळापत्रकात हे पंधरा-पंधरा दिवस धरू नका. त्यापेक्षा टोळी निघायच्या आदल्या दिवशी स्लॅब ठेवा.

स्लॅब हा खरा सोहळा, त्याला सवडीने भेट द्यायला हवी. हजार फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे ११.८ घनमीटर काँक्रीट. १:१.५:३ च्या मिश्रणाने पंचाण्णव गोण्या सिमेंट, पावणेदोन ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू, साडेतीन ब्रास खडी. हा हिशोब आदल्या संध्याकाळी करू नका; दुपारी तीनला सत्तरावी गोणी फुटल्यावर करा. दुकानदार जेवायला गेलेला असतो, मग पोरं मोटरसायकलवरून गोण्या आणतात आणि अर्धवट स्लॅब उन्हात घट्ट होत बसतो. नवा माल जुन्याला जिथे टेकतो तो सांधा पुढे पावसाळ्यात छतावर सरळ रेषेत उमटतो. खोलीचा मध्य शोधायला उपयोगी पडतो तो.

पाण्याबद्दल गवंड्याशी वाद घालू नका. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक म्हणतं की एम२० दर्जाच्या या साध्या मिश्रणात गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, आणि वाळू ओली असेल तर त्यातूनही वजा. गवंडी म्हणतो, माल धावला पाहिजे. धावणारा माल थापीने झटपट पसरतो, व्हायब्रेटरचं भाडं वाचतं आणि सगळे सूर्यास्ताच्या आत घरी जातात. घट्ट व्हायचं काम काँक्रीटचं, ते त्याच्यावर सोडा. एवढ्या मापाच्या ओतकामाला दोन नमुने, म्हणजे १५० मिलिमीटरचे सहा ठोकळे भरून अठ्ठावीस दिवसांनी दाबून बघायचे असतात. न भरलेला ठोकळा आजवर कधी नापास झालेला नाही.

गॅलरीकडे मात्र खास लक्ष द्या. बाहेर झुकलेल्या गॅलरीत मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण ताण तिथे येतो. ती वर राहावी म्हणून खाली सळईच्याच खुर्च्या, म्हणजे चेअर, ठेवतात. त्या वाचवा. मग घमेली घेतलेले आठ जण त्या जाळीवरून दिवसभर ये-जा करतील. पाच इंची गॅलरीत सळई दोन इंच खाली दबली की तिची ताकद जवळपास निम्मी होते. ड्रॉइंगवर ती वरच दिसत असल्यामुळे कागदोपत्री सगळं ठीक राहतं.

छतातल्या वायरिंगचे पाइप आणि पंख्याचे बॉक्स ओतकामाच्या आधी टाकायचे असतात. इलेक्ट्रिशियनला मात्र स्लॅबच्या दुसऱ्या दिवशी बोलवा. ड्रिल त्याच्याकडे असतंच.

आता थांबण्याचं काम. यात कोणीच राबताना दिसत नाही, म्हणून मालकाला सगळ्यात जास्त राग येतो. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवायचं: साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि हल्ली बहुतेक दुकानांत मिळतं त्या राखमिश्रित सिमेंटला किमान दहा, जमल्यास चौदा. टोळी गावी गेलेली आहेच, तेव्हा वॉचमन संध्याकाळी नळी फिरवेल तेवढं पुरे. टेकू काढण्याचा हिशोबही असाच चिकट आहे: आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबला सात दिवस, त्यापुढे चौदा, सहा मीटरपर्यंतच्या बीमला चौदा, त्यापुढे एकवीस. हेही साधं सिमेंट धरून. पण सेंट्रिंगवाल्याला, म्हणजे साचे आणि टेकू लावणाऱ्याला, पुढच्या साइटवर प्लेटा हव्या असतात, आणि तुम्हाला खालच्या मजल्यावर वीटकाम सुरू झालेलं पाहायचं असतं. इतकं एकमत बांधकामात पुन्हा कधी होत नाही. सहाव्या दिवशी खोला.

गिलाव्यानंतर कामं वेगाने उरकतात. आधी गिलावा करून मग प्लंबरला झिरी पाडायला लावा. बाथरूमच्या खोलगट भागात वॉटरप्रूफिंग झाल्यावर एक-दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालून छत बघायचं असतं. तो वेळ टाइल्सला द्या. ओल्या गिलाव्यावर पुट्टी आणि रंग लगेच मारले, तर फोटोत फार छान येतात. पोपडे नंतर येतात.

राहता राहिले पैसे. टप्पे ठरवून लिहिलेला करार म्हणजे अविश्वास. त्यापेक्षा ठेकेदाराच्या घरी लग्न, हप्ता, बैल असं काही निघेल तशी उचल देत जा. वीटकाम निम्म्यावर असेपर्यंत त्याच्याकडे कामापेक्षा जास्त पैसे गेलेले असले, की तो इतर साइटवरच जास्त भेटतो.

आणि मजुरीचा दर चौरस फुटाला ठरवताना कोणत्या चौरस फुटाला, ते विचारू नका. मोजमाप स्लॅबच्या बाहेरच्या कडेने की भिंतीने, गॅलरी पूर्ण धरायची की अर्धी, जिना प्रत्येक मजल्याला मोजायचा का, छज्जे, पॅरापेट आणि पाण्याची टाकी दरात आहेत की वेगळ्या, हे सगळं शेवटच्या बिलाला राखून ठेवा. त्या दिवशी टेप ठेकेदाराचीच वापरा, आणि दुसरं टोकही त्याच्याच माणसाला धरू द्या.