'औषध डुप्लिकेट आहे' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय: 'जखमेवर चांगले बॅक्टेरिया लावा' असा व्हिडिओ बघून निपाणीच्या आमच्या दुकानातून 'चांगल्या बॅक्टेरिया'च्या बाटल्या नेल्या, वडिलांच्या नडगीवरच्या जखमेवर रोज ओतल्या, दहा दिवसांत काडीचा फरक नाही.

औषध डुप्लिकेट नाही, ते प्यायचं आहे. पाच मिलीच्या त्या बाटलीत बॅसिलस क्लॉसीचे २०० कोटी स्पोअर असतात, म्हणजे कवचात झोपलेले बॅक्टेरिया. पोटातल्या ॲसिडमधून तगून आतड्यात जागं व्हायचं, एवढंच त्यांचं काम. जखमेवर ओतायला ते बनवलेलेच नाहीत. उलट प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या रक्तात ते शिरल्याच्या नोंदी आहेत, आणि बऱ्याच अँटिबायोटिकना ते दाद देत नाहीत.

व्हिडिओवाल्यानं बहुतेक दुसरंच काही ऐकलंय. अर्जेंटिनात भाजलेल्या जखमांवर लॅक्टोबॅसिलस प्लांटारम लावून सिल्व्हर सल्फाडायझिनशी, म्हणजे भाजल्यावर लावायच्या नेहमीच्या मलमाशी, तुलना केली होती. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तो बॅक्टेरिया वेगळा, लॅक्टिक ॲसिड करणारा, आणि वापरला तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणून आता घरचं दही थापू नका. विरजणात यीस्टसकट काय काय असतं.

खरी अडचण तुमच्या फोटोत दिसते. गॉज वाळून जखमेला चिकटलंय. ते तसंच ओढलं की नवी कातडी त्याच्याबरोबर निघते. शिवाय फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड रोज वापरताय, त्यानं जखम भरणाऱ्या नव्या पेशीही मरतात. (चांगले बॅक्टेरिया लावले असते तरी त्यात टिकले नसते.)

आजपासून पेरॉक्साइड बंद. हात साबणानं धुवा, नॉर्मल सलाईननं (मिठाचं निर्जंतुक पाणी) गॉज पाच-दहा मिनिटं भिजवा, सुटेल तसं काढा. त्याच सलाईननं जखम धुवा. सलाईनची फोडलेली बाटली २४ तासांनंतर टाकून द्या. वर न चिकटणारं पॅराफिन गॉज, त्यावर कोरडं गॉज, सैल पट्टी. पिवळा थर नखानं किंवा कापसानं खरवडू नका.

पण नडगीची जखम दोन आठवड्यांत लहान होत नसेल तर मलमात वेळ घालवू नका. शुगर तपासा. पाय सुजत असेल तर शिरांचा दोष असू शकतो, त्याला दाबाची पट्टी लागते. मात्र पायाचा रक्तपुरवठा डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ती बांधायची नाही. लाली पसरली, ताप आला, वास सुटला तर त्याच दिवशी सर्जनकडे न्या. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक दिलं नाही ही तुमची दुसरी तक्रार. ते यापुढेही मिळणार नाही.

तरी शंका राहिली तर बिल आणि बॅच नंबर घेऊन बेळगावला औषध निरीक्षकांकडे तक्रार करा. सीलबंद उरलेली एक बाटली जपून ठेवा, तपासणीला तीच लागेल.