'मणका सरकलाय' म्हणणाऱ्या फॉरवर्डचं काय करायचं

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर, रामबागेपासून तिलकनगरपर्यंत, सध्या एक व्हिडिओ फिरतोय. पालथा झोपलेला माणूस, पाठीवर दोन तळहात, एक झटका, 'कट्ट', आणि गडी हसत उठतो. खालचा मजकूर असा: खांद्याच्या फऱ्यांमध्ये दुखतं म्हणजे मणका सरकलाय, आवाज आला की तो जागेवर बसतो, कायरोप्रॅक्टिकला, म्हणजे मणक्यांना हाताने झटके देण्याच्या या उपचाराला, धोका शून्य, महिन्यातून एकदा करून घ्या, डॉक्टरची पायरी चढावी लागणार नाही. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे स्वतःचं दुकान चालावं म्हणून बोलतेय असं कुणी म्हणेलच. म्हणू देत.

आधी तो सरकलेला मणका. पाठीच्या मधल्या भागात बारा मणके, प्रत्येकाला दोन्हीकडून बरगडी जोडलेली. मान-कमरेच्या मानाने हा भाग चांगलाच ताठ. इथला मणका खरोखर सरकला तर तो मोठ्या अपघाताचा मामला असतो, आणि तसा माणूस चालत क्लिनिकात येत नाही. ही कल्पना आली कुठून? अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्टला, कायरोप्रॅक्टिकचे जनक डी. डी. पामर आधी चुंबकीय उपचार करायचे. 1895 मध्ये त्यांनी एका बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं असा दावा केला. कानाची नस कवटीतल्या कवटीत मेंदूला जाते, पाठीतून जातच नाही! पुढे पामर 95 टक्के रोग सरकलेल्या मणक्यांमुळेच होतात असं म्हणू लागले. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांचं नियमन करणाऱ्या परिषदेनेच 2010 मध्ये सांगून टाकलं की ही कल्पना केवळ ऐतिहासिक आहे, तिला पुरावा नाही.

मग 'कट्ट' कशाचं? बोटं मोडताना येतो तोच आवाज. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम कमी होतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते. तेच बोट लगेच पुन्हा मोडून बघा, वाजत नाही. वीसेक मिनिटं जावी लागतात. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे.

आराम मात्र खोटा नसतो, हे कबूल करायला हवं. आखडलेले स्नायू थोडा वेळ सैल पडतात, हालचाल मोकळी होते. नव्या कंबरदुखीसाठी तर अमेरिकन डॉक्टरांच्या 2017 च्या मार्गदर्शनातही मणक्यांवर हाताने केलेल्या उपचाराला जागा आहे. मधल्या पाठीवर अभ्यास त्याहून बरेच कमी झालेत.

'धोका शून्य' हे वाक्य वाचून मात्र डोकं फिरतं. सत्तरीच्या आसपासच्या एक काकू आल्या होत्या. पाण्याची बादली उचलताना पाठीत चमक भरली, घरच्यांनी उसण म्हणून बाम चोळला, आणि भाचा त्यांना झटका द्यायला न्यायच्या तयारीत. मी मणक्यांवरून एकेक करत हलकेच बोटाने ठोकत गेले. एका जागी त्या कळवळल्या. एक्स-रेत मणका पुढच्या बाजूने चेपलेला. हाडं ठिसूळ झालेली. त्यावर कुणी झटका दिला असता तर? आपल्याकडे दुसरी भीती मणक्याच्या टीबीची, आणि तो बऱ्याचदा पाठीतच होतो. रात्रीचं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन, पायात बळ नसणं, यातलं काही असेल तर आधी तपासणी. पोखरलेल्या मणक्याला झटका म्हणजे पाय कायमचे जाण्याची वेळ. शिवाय पित्ताशयाचं दुखणं उजव्या फऱ्याखाली येतं, हृदयाचंही पाठीत जाणवू शकतं. घाम फुटून छाती-पाठ भरून आली तर थेट हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठायची.

आणि झटका देणारा कोण? भारतात कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद नाही. परदेशात रीतसर शिकून आलेला आणि रील बघून तयार झालेला, दोघांच्या पाट्या सारख्याच दिसतात. शिक्षण कुठे झालं ते सरळ विचारा. मानेला झटका तर नकोच. क्वचित का होईना, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत.

राहिलं महिन्याचं पॅकेज. दुखत नसताना पाठ मोडून घेतल्याने पुढचं दुखणं टळतं, याला भक्कम आधार नाही. सराफ्यात मान खाली घालून दागिने घडवणारे असोत की दिवसभर लॅपटॉपवर वाकलेली आमची पोरं, त्यांना मी अर्ध्या-पाऊण तासाने उठायला लावते, टॉवेलची गुंडाळी फऱ्यांखाली ठेवून पाठ मागे ताणायला आणि रबरी पट्टा ओढून फऱ्यांमधले स्नायू बळकट करायला शिकवते. बऱ्याच जणांना काही आठवड्यांत उतार पडतो. नाही पडला, तर व्यायाम वाढवत बसत नाही, ऑर्थोपेडिककडे पाठवते.