लपूनछपून नाही काका, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून

काका नमस्कार. मागच्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली, मग दिवसभर ऑफिसात डोक्यात तीच घोळत होती, म्हणून तिथेच चार ओळी न टाकता इथे सविस्तर लिहितेय. (वय 68 असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतेय, चालेल ना?)

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे न्यू जर्सीत घरांच्या मधेमधे जे रानाचे तुकडे आहेत त्यात मी धनुष्यबाणाने हरणाची शिकार करते, आणि ती आजूबाजूला गाजावाजा न करता कशी करते ते मी लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की जे काम लपूनछपून करावं लागतं ते मुळात चुकीचंच असणार, बाण लागलेलं जनावर तडफडून मरतं, आपल्याकडे यासाठी तुरुंग होतो आणि आपलीच मुलगी तिकडे जाऊन हे मिरवते. आणि शेवटचा प्रश्न, मादीच्या पोटात पिल्लू असेल तर?

आधी तुरुंगाचं बोलू, कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं. काका, मी नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातली. रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य आमच्या घरापासून सायकलवर जाण्याइतकं. आजोबांच्या ज्वारीत काळवीट शिरायचे, आजोबा माळ्यावर बसून पाखरं राखायचे, हातात गोफण, पण काळविटांवर त्यांनी दगड भिरकावलेला मी एकदाही पाहिला नाही, नुसतं हा हा करून हाकलायचे आणि सकाळी खाल्लेली कणसं बघून गप्प बसायचे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा हवाच, त्यात कुठेही सूट मिळू नये असंच मला वाटतं. भारतात मी धनुष्याला हातही लावणार नाही. त्या कायद्यामागे जी परिस्थिती आहे ती इथे नेमकी उलटी आहे, एवढंच माझं म्हणणं.

इथलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं, व्हाइटटेल. 1900 च्या आसपास अख्ख्या अमेरिकेत जेमतेम पाच लाख उरली होती, कारण मांस आणि कातडं विकण्यासाठी बेसुमार मारली गेली. मग कायदे आले, बाजारासाठी मारणं बंद झालं, 1937 मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला, त्यातून शिकारीच्या बंदुकांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जायला लागला. (पुढे धनुष्यबाणही त्यात आले, माझ्या धनुष्याच्या किमतीतही तो 11 टक्के कर आहे.) आज ती संख्या तीन कोटींच्या घरात आहे. लांडगा आणि प्यूमा इथून कधीच संपले, आणि आम्ही माणसांनी काय केलं तर जंगल तोडून तिथे लॉन, होस्टा, ट्यूलिप आणि कुंपणाची कोवळी झाडं लावली. हरणाला यापेक्षा चांगलं काय हवं? चांगलं खाणं मिळालं की मादी बहुतेक वेळा जुळी पाडसं देते, दरवर्षी.

हे आकडे वाचून माझंही काही मन बदललं नव्हतं. मन बदललं ते हिल्सबरोच्या ड्यूक फार्म्सला गेले तेव्हा. तिथे हरणं आत येऊ नयेत म्हणून रानाला उंच जाळीचं कुंपण घातलंय. कुंपणाच्या आत गुडघाभर, कंबरभर उंचीची ओकची रोपं, रानफुलं, झुडपं, त्यात किलबिलाट. आमच्या घरामागच्या रानात मोठी झाडं आहेत, पण त्यांच्या खाली बघायला जा तर काही नाही, हरणांच्या तोंडाला न लागणारी जपानी बार्बेरीची काटेरी झुडपं आणि स्टिल्टग्रास नावाचं गवत तेवढं माजलंय. उद्या ही म्हातारी झाडं पडली की त्यांच्या जागी यायला एकही रोप उभं नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यावर असं शेत बघून कळतं हो, की बियाणंच राहिलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की पकडून दुसरीकडे सोडा किंवा नसबंदी करा. सोडायचं कुठे? सगळीकडे हीच अवस्था आहे, आणि पकडण्याच्या धसक्यानेच पुष्कळ हरणं नंतर मरतात. नसबंदी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर 2016 पासून करून बघितलीये, नरांची, त्यावर लाखो डॉलर गेले, आणि ते तर बेट आहे, तरी आमच्या बाजूची हरणं पोहून तिकडे जातात. आमच्यासारख्या मोकळ्या टाउनशिपला हे परवडणारं नाही. आणि एक स्पष्ट सांगते, हरणं कमी केली की गोचिडी जातील आणि त्यांच्या चाव्याने होणारा लाइमचा आजार संपेल असा माझा दावा नाही, तो जंतू गोचिडीत येतो मुख्यतः उंदरांकडून. नोव्हेंबरात, माजाच्या दिवसात, नर बेभान होऊन रस्त्यावर गाड्यांसमोर येतात ते मात्र इथे राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिलंय. गाडीने कंबर मोडलेलं हरीण कडेला पुढचे पाय झाडत पडलेलं असतं आणि लोक बाजूने गाड्या काढत असतात, ते मरण बघितलंय का काका तुम्ही?

आता लपूनछपून. हा शब्द मला बदलायचा आहे. माझ्याकडे लायसन्स आहे, त्यासाठी कोर्स केलाय, ज्यांच्या जमिनीवर बसते त्यांची लेखी परवानगी खिशात असते, मिळालेलं प्रत्येक हरीण त्याच दिवशी राज्याच्या खात्याला कळवते. इथे बंदूक चालवायची तर घरांपासून 450 फूट लांब राहावं लागतं, धनुष्याला 150 फूट, पण 450 च्या आत असाल तर उंचावर बसून खाली, जमिनीच्या दिशेनेच बाण सोडायचा. का, तर चुकलेला बाण समोरच्या मातीत घुसला पाहिजे, पलीकडच्या अंगणात नाही. म्हणून झाडावर वीस फुटांवर ट्री स्टँड, म्हणजे बसायची छोटी बैठक, बांधते, पडू नये म्हणून हार्नेसचे पट्टे घालून बसते. पहिल्यांदा चढले तेव्हा आजोबांचा माळाच आठवला, तसंच ते थंडीत न हलता तासन्तास बसणं.

मग गाजावाजा का करत नाही? कारण शेजारी सगळ्याच विचारांचे असतात आणि त्यांनाही त्या रस्त्यावर राहायचंय. गाडी कडेला लावून हिरव्या चट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यात फिरत नाही, ते कपडे रानात शिरल्यावर चढवते. स्कूल बस यायच्या वेळेला रस्त्याच्या बाजूने हरीण ओढत आणत नाही, थांबते. घसरगाडीवर ठेवून ताडपत्रीने नीट झाकून आणते. आतडी रानात टाकून येत नाही, कुणाचा कुत्रा ती उकरून ओट्यावर आणतो, म्हणून बादलीत भरून आणते. रक्ताळलेले फोटो टाकत नाही, या ब्लॉगवर तुम्हाला एकही सापडणार नाही. समोरच्या घरातली आठ वर्षांची मुलगी त्याच हरणांना नावं देते, सफरचंदाच्या फोडी टाकते. मी काय करते ते तिच्या आईबाबांना माहीत आहे, मी स्वतः जाऊन सांगितलं. ते तिला कधी आणि कसं सांगायचं हा त्यांचा निर्णय, माझ्या गाडीच्या डिकीतून तिला ते कळता कामा नये. मेलेल्या जनावराचा तमाशा होऊ नये, हेही त्यात आलंच.

आणि तडफडण्याचं. तुम्ही म्हणता ते खोटं नाही, म्हणून टाळत नाही.

बाण नीट बसला, म्हणजे हरीण आडवं उभं असताना खांद्याच्या मागे दोन्ही फुप्फुसांतून गेला, तर ते दचकून उडी मारतं, साठ-सत्तर पावलं पळतं आणि काही सेकंदांत कोसळतं. कधीकधी बाण आरपार जाऊन मातीत रुतलेला असतो, त्याच्यावर फेसाळ गुलाबी रक्त, ते दिसलं की जीव भांड्यात पडतो. पण माझ्या दुसऱ्या वर्षी असं झालं नाही. ऑक्टोबरची संध्याकाळ, तीस यार्डांवर मादी, धनुष्याची दोरी सुटल्याचा आवाज तिने ऐकला आणि बाण पोचेपर्यंत ती वळली. बाण मागे लागला, पोटात. उतरून बाण उचलला तर त्याला हिरवट घाण आणि वास. अशा वेळी लगेच मागे जायचं नसतं, गेलात तर ते जनावर उठून आणखी लांब पळतं, त्याला पडून राहू द्यायचं. मी रात्रभर जागी होते. सकाळी एका जुन्या जाणत्या शिकाऱ्याला घेऊन माग काढला, थेंब थेंब करत तिसऱ्या घराच्या बॅकयार्डात, लहान मुलांच्या झोक्याजवळ ती पडलेली. मेलेली होती. पाय आखडलेले, पानं उकरलेली. मी त्या घराची बेल वाजवली, बाईंना सगळं सांगितलं, माफी मागितली, आत यायची परवानगी मागितली. त्यांनी परवानगी दिली, पण दार लावताना रडत होत्या. त्या मादीला किती तास लागले ते मला माहीत नाही.

त्यानंतर वीस यार्डांपलीकडे मी बाण सोडलेला नाही. हरीण चालत असेल, समोर तोंड करून असेल, कान टवकारून माझ्या झाडाकडे बघत असेल, तर नाही. अंधुक झालं की नाही, मग कायद्याने अर्धा तास शिल्लक का असेना. रोज संध्याकाळी गराजसमोर सराव, माझं धनुष्य 42 पाउंडांचं आहे, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागतो, कायद्याला 35 चालतं, पण हात जरा थरथरले तर त्या आठवड्यात झाडावर चढत नाही. आणि सीझनच्या आधी आजूबाजूच्या प्रत्येक घरात जाऊन विचारून येते की जखमी हरीण तुमच्या हद्दीत आलं तर मागावर येऊ द्याल का. मागच्या वर्षी एका आजोबांनी नाही म्हटलं. मी त्यांच्या बाजूचा स्टँड काढला, चांगली जागा होती, वाट अगदी खालून जायची. गेल्या सीझनमध्ये अकरा वेळा चढले, हरणं जवळजवळ दर वेळी दिसली, बाण दोनदा सोडला.

त्या दोन हरणांपैकी एकाचं मांस फूड बँकेला गेलं, एक आमच्या फ्रीझरमध्ये. कांदा-खोबऱ्याचं वाटण, नगरी काळा मसाला, कुकरला मटणापेक्षा एखादी शिट्टी जास्त, चरबी नसते म्हणून तेल थोडं सढळ हाताने. आईने इथे आल्यावर आधी पानाला हात लावला नाही, तिसऱ्या दिवशी रस्सा घेतला, मांस नाही. मी आग्रह केला नाही.

राहिला पोटातल्या पिल्लाचा प्रश्न. हो काका, असतं. मादी नोव्हेंबरात गाभ धरते, मे-जूनमध्ये पाडसं होतात, आणि आमचा धनुष्याचा सीझन फेब्रुवारीपर्यंत चालतो. संख्या कमी करायची तर माद्याच माराव्या लागतात, नर मारून काही होत नाही, आणि सप्टेंबरात मारलेली मादी काय नि फेब्रुवारीत मारलेली काय, पुढच्या उन्हाळ्याचा हिशोब एकच येतो. हे मला कळतं. सप्टेंबरात त्या वर्षीची पाडसं दूध सोडून चरायला लागलेली असतात, म्हणून मी सुरुवातीच्या त्या आठवड्यांतच माद्या घेते, आणि नोव्हेंबर लागला की धनुष्य केसमध्ये ठेवून देते. सोबतचे शिकारी म्हणतात यात तर्क नाही. त्यांचं बरोबर असेल, पण पोट उघडल्यावर ते समोर आलं तर माझ्या हाताने ते काम पुढे होणार नाही.