चिकाच्या पावडरीने इन्सुलिनची सुई सुटत नाही

गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. "मावशी, आईची शुगर ४१२ आलीय, आणि ती दवाखान्यात यायला तयार नाही."

आक्का खानापूर तालुक्यात राहते. अकरा वर्षांचा मधुमेह, त्यातली चार वर्षं रोज दोन वेळा इन्सुलिन. सहा दिवस तिने सुई टोचलीच नव्हती. का, म्हणून विचारलं तर तिने मोबाईल पुढे केला. भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज, आणि कपाटात चिकाच्या पावडरीचा अर्धा संपलेला डबा. त्याच रात्री तिला दवाखान्यात नेलं. आता बरी आहे. पण मी बेळगावात कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते, हा विषय दरवर्षी वर्गात घेते, आणि माझ्याच बहिणीच्या घरात हे सहा दिवस चाललं होतं याचा राग अजून गेलेला नाही.

मेसेज आपल्या भागात मराठीतही फिरतोय आणि कन्नडमध्येही. मजकूर थोडक्यात असा: गाईच्या चिकात आयजीएफ-१ नावाचं 'नैसर्गिक इन्सुलिन' असतं, रोज दोन चमचे पावडर घेतली की सुई कायमची सुटते, फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलंय, मुलांची उंची वाढते, पेशी नव्या होऊन वय थांबतं, या शोधाला नोबेल मिळालंय, आणि नैसर्गिक असल्यामुळे अपाय काहीच नाही.

सुईपासूनच सुरू करते, कारण जीव तिथे जातो.

आयजीएफ-१ म्हणजे इन्सुलिन नव्हे. नावात 'इन्सुलिनसारखा' हा शब्द आला त्याला कारण आहे. १९६०च्या दशकात झुरिकमधल्या संशोधकांच्या लक्षात आलं की रक्तद्रवात इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडं घालून सगळं इन्सुलिन निकामी केलं, तरी इन्सुलिनसारखं काम करणारं काहीतरी मागे उरतंच. ते नेमकं काय, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. १९७८ मध्ये रिंडरक्नेक्ट आणि हुम्बेल यांनी त्याची रचना वाचली. सत्तर अमिनो आम्लांची एक साखळी, आणि इन्सुलिन ज्यापासून तयार होतं त्या प्रोइन्सुलिनशी जवळपास निम्मं साम्य. म्हणून नाव पडलं इन्सुलिनसारखा वाढघटक. साम्य खरं आहे. काम मात्र वेगळं.

जेवण झालं, रक्तात साखर चढली, की स्वादुपिंड काही मिनिटांत इन्सुलिन सोडतं आणि साखर उतरली की हात आखडता घेतं. आयजीएफ-१ मुख्यतः यकृतात तयार होतं, तेही मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीतून वाढीच्या हार्मोनचा निरोप आल्यावर. रक्तात ते मोकळं फिरत नाही. बहुतेक सगळं वाहक प्रथिनांना बांधलेलं असतं, त्यामुळे जेवणाआधी आणि जेवणानंतर त्याच्या पातळीत फारसा फरक पडत नाही. पेशीवरच्या आपल्या ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, ते चिकटलं की आत निरोप जातो: वाढ, विभागून दोन हो, मरू नकोस. आक्काने दुपारी दोन भाकरी खाल्ल्या की चढणारी साखर आवरणं हे त्याचं रोजचं काम नव्हेच.

आता कोणी म्हणेल, आयजीएफ-१ दिल्यावर साखर उतरते असं वाचलंय. उतरते, मान्य आहे. पण टोचून दिल्यावर. मेकासर्मिन नावाचं औषध म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं आयजीएफ-१च आहे. २००५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, ज्या मुलांच्या शरीरात आयजीएफ-१ अत्यंत कमी आहे आणि त्यामुळे वाढ खुंटली आहे अशांसाठी. ते दिवसातून दोनदा कातडीखाली टोचतात, आणि साखर एकदम खाली जाऊ नये म्हणून जेवणाच्या वेळेलाच टोचायचं असं बजावलेलं असतं. मधुमेहावरचं औषध म्हणून त्याला मान्यता नाही. चमच्याने पाजून भागत असतं, तर लहान लेकरांना वर्षानुवर्षं रोज दोन सुया कुठल्या आईबापाने टोचल्या असत्या?

पोटातून का भागत नाही, हे म्हैस पाळणाऱ्याला सांगायला नको. रेडकू पडल्यावर पहिल्या काही तासांत त्याला चीक पाजायचाच, अशी घाई आपल्याकडे प्रत्येक गोठ्यात करतात. कारण सुरुवातीचा साधारण एक दिवसच त्याच्या आतड्यातून मोठी प्रथिनं अख्खीच्या अख्खी रक्तात जाऊ शकतात. मग ती वाट बंद होते. जे दुसऱ्या दिवशी रेडकाला जमत नाही, ते अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला कुठून जमणार? तिच्या जठरातलं आम्ल आणि आतड्यातले पाचकरस प्रथिनाचे तुकडे करतात, मग ते डाळीतलं असो, अंड्यातलं असो की चिकातलं. इन्सुलिन तरी आपण टोचून का घेतो? तेही प्रथिनच आहे, गिळलं तर पचून जातं.

तेव्हा चिकातल्या आयजीएफ-१ने सुई सुटत नाही. आणि ज्यांना लहानपणापासूनचा, पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, त्यांच्या अंगात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ नसतंच. त्यांनी सुई थांबवली तर रक्तात आम्ल साचायला लागतं. उलट्या, पोटदुखी, धाप, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, अशी लक्षणं दिसली की वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. हा मेसेज अशा एखाद्या मुलाच्या घरी पोचला असेल का, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

फिनलंडचं म्हणाल तर ते संशोधन खरं आहे, पण मेसेजवाल्यांनी त्यातला अर्धाच भाग उचललाय. १९९७ मध्ये मेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही धावपटूंना आणि उडीपटूंना आठ दिवस चिकाचं पेय दिलं. त्यांच्या रक्तातलं आयजीएफ-१ थोडं वाढलेलं दिसलं. तो मधुमेहावरचा प्रयोग नव्हता आणि त्यात कोणाचं इन्सुलिन सुटलं नव्हतं. त्याच मेरोंनी २००२ मध्ये पुढचा प्रश्न विचारला: हे वाढलेलं आयजीएफ-१ चिकातून आलेलं आहे का? त्यांनी किरणोत्सारी खूण केलेलं आयजीएफ-१ लोकांना प्यायला दिलं आणि रक्तात शोधलं. खुणेचे तुकडे सापडले, अख्खं आयजीएफ-१ सापडलं नाही. म्हणजे रक्तात जे वाढलं, ते त्या लोकांच्या शरीराने स्वतः बनवलेलं. पोटात चांगलं प्रथिन गेलं की यकृत आयजीएफ-१ थोडं जास्त बनवतं, हे नियमित दूध पिणाऱ्यांतही दिसतं. इथवर मेसेजला अर्धा गुण द्यावा लागतो. गाईचं आणि माणसाचं आयजीएफ-१ हुबेहूब एकच आहे, हेही खरं आहे. पण त्या शास्त्रज्ञांचं नाव पुढे करायचं, तर त्यांचा पाच वर्षांनंतरचा निष्कर्षही सांगायला हवा होता.

उंची. आक्काचा नातू बारा वर्षांचा आहे, त्यालाही रोज एक चमचा चालू होता. उंचीशी आयजीएफ-१चा संबंध घट्ट आहे, त्यात वाद नाही. हाडांच्या टोकाशी जी वाढीची कूर्चा असते, तिथे ते काम करतं. पण तिथलं आयजीएफ-१ बरंचसं तिथेच तयार होतं. १९९९ मध्ये उंदरांच्या फक्त यकृतातलं आयजीएफ-१चं जनुक काढून टाकलं, तेव्हा रक्तातली पातळी सुमारे तीन चतुर्थांश घटली, तरी उंदीर जवळजवळ नेहमीसारखेच वाढले. रक्तातला आकडा थोडा वरखाली होऊन पोरगं उंच होत नाही. पोर पोटभर जेवत नसेल तर आयजीएफ-१ही घसरतं आणि वाढही अडते. त्याला भाकरी, आमटी, अंडं, दूध द्या. त्या डब्याच्या पैशात महिनाभराची अंडी येतात. वाढ खरंच मागे पडलीय असं वाटलं, तर बालरोगतज्ज्ञाकडून वाढीचा तक्ता भरून घ्या.

वय थांबण्याचा दावा तर संशोधनाच्या नेमका उलटा आहे. सिंथिया केन्यन यांच्या प्रयोगशाळेने १९९३ मध्ये दाखवलं की एका सूक्ष्म कृमीत डॅफ-२ या जनुकात बिघाड केला तर तो दुप्पट जगतो. पुढे कळलं की ते जनुक इन्सुलिन आणि आयजीएफ-१ यांच्या ग्राहीसारखंच आहे. म्हणजे निरोप कमी झाला तेव्हा आयुष्य वाढलं. माणसांतलं उदाहरण इक्वेडोरमधलं. तिथे लॅरॉन सिंड्रोमची काही कुटुंबं आहेत. वाढीच्या हार्मोनची ग्राहीच सदोष, त्यामुळे आयजीएफ-१ अगदी कमी आणि उंची साधारण चार फुटांच्या आसपास. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वीस वर्षांहून जास्त काळ चाललेल्या पाहणीत या लोकांत मधुमेहाचा एकही रुग्ण निघाला नाही आणि कर्करोगाचा एकच निघाला, तोही जीवघेणा नव्हता. त्यांच्या सामान्य उंचीच्या नातेवाइकांत दोन्ही आजार होते. यावरून आयजीएफ-१ वाईट असं कोणी समजू नये. ते नसेल तर मूल वाढतच नाही. पण 'जितकं जास्त तितकं तरुण' याला काडीचा आधार नाही.

नोबेल १९८६ मध्ये रिता लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना वाढघटकांसाठीच मिळालं, पण ते घटक वेगळे होते: एक चेतापेशींचा, एक त्वचेसारख्या आवरणपेशींचा.

राहिलं नैसर्गिक आणि अपाय. जे रक्तात पोचतच नाही त्याचा अपायही थोडाच, हे मला मान्य आहे. पण जे आयजीएफ-१ खरोखर पोचतं, त्या टोचायच्या औषधावर कर्करोग असलेल्यांना देऊ नये अशी स्पष्ट ताकीद असते, कारण 'वाढ, विभाग, मरू नकोस' हा निरोप बिघडलेल्या पेशीही ऐकतात. आक्काला अपाय झाला तो पावडरीतल्या कुठल्या घटकाने नाही. तिने सुई बाजूला ठेवली, त्याने झाला.

म्हैस व्याली की शेजारी चीक वाटायची रीत आपल्या गावागावांत आहे. वेलची, जायफळ घातलेला खरवस, कन्नड शेजाऱ्यांचा गिण्णू, आम्ही सगळे त्यावर वाढलो. आक्कानेही खावा, गूळ बेताने घालून, लहान वाटीभर, आणि सुई वेळेवर घेऊन.

तिनेच मला हे लिहायला सांगितलं. ज्या भिशीच्या ग्रुपवर तो मेसेज आला, तिथेच ती हे टाकणार आहे. तिच्या शेजारची सून कन्नड शाळेत शिक्षिका आहे, ती रविवारी बसून कन्नडमध्ये लिहून देते म्हणाली आहे. ते आलं की तेही पाठवते.