गणित सोडायला मेंदूचं कारण देऊ नका

ताईने काल घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "आपली पोर उजव्या मेंदूची आहे. उगाच गणिताच्या मागे लागलो." फॉरवर्डचं म्हणणं असं: डावा मेंदू हिशोबी, उजवा कलावंत, प्रत्येकात एकच मेंदू वरचढ असतो, डावा डोळा उजव्या मेंदूला जोडलेला असतो, डाव्या हाताने लिहिलं की उजवा मेंदू जागा होतो.

यातला 'एकच वरचढ' हा मुद्दा सर्वांत घातक, कारण त्याच्या जोरावर एका शाळकरी मुलीचं गणित सुटायला निघालंय. ताई, मेंदू एकच असतो, त्याचे गोलार्ध दोन. मधे कॉर्पस कॅलोसम नावाचा जाड पट्टा असतो, सुमारे २० कोटी तंतूंचा, आणि त्यातून दोन्ही बाजूंची देवाणघेवाण अखंड चालू असते. २०१३ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ७ ते २९ वयाच्या १,०११ जणांचे स्कॅन तपासले. काही कामांची जाळी डावीकडे झुकलेली दिसली, काहींची उजवीकडे. पण माणसाचा अख्खा डावा किंवा अख्खा उजवा भाग वरचढ असतो, याला आधार सापडला नाही.

आणि गणित तरी कुठे एका बाजूला बसतं? पाठ केलेला पाढा आठवताना डावीकडची भाषेची केंद्रं मदतीला येतात. पण ४७ मोठे की ५२, हा अंदाज घेताना दोन्ही गोलार्धांतले वरचे-मागचे भाग कामाला लागतात.

थोडं खरं आहे, तेही सांगते. बोलण्याचं काम बहुतेकांत डावीकडे चालतं. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६५ मध्येच ते मांडलं. शरीराची उजवी बाजूही डावा गोलार्धच हलवतो, म्हणून तर उजवं अंग लुळं पडलेल्या रुग्णाची वाचाही अनेकदा जाते. रॉजर स्पेरी या अमेरिकन मेंदू-संशोधकाला १९८१ चं नोबेलही गोलार्धांच्या कामातल्या फरकावरच मिळालं. पण त्याने अभ्यासलेल्या रुग्णांचा तो जोडपट्टा शस्त्रक्रियेने कापलेला होता. आपल्या पोरीचा शाबूत आहे.

डोळ्याचा मुद्दा साफ चूक. प्रत्येक डोळा दोन्ही गोलार्धांना माहिती पाठवतो. समोरच्या दृश्याची डावी बाजू तेवढी उजव्या गोलार्धाकडे जाते.

डाव्या हाताला उजवा गोलार्ध हलवतो, हे बरोबर. पण तो गोलार्ध झोपलेला कधी नव्हताच. डाव्या हाताने लिहून फार तर डाव्या हाताचं अक्षर सुधारेल.