शेवाळ जोपासण्याचे खात्रीशीर उपाय

ज्यांना आपल्या बंगल्याचा पोहण्याचा तलाव कृष्णेच्या डोहासारखा हिरवागार राखायचा असेल, त्यांनी सर्वप्रथम देखभालीचे मासिक कंत्राट द्यावे. सांगलीचा मे महिना असेल आणि पुण्याहून नातवंडे पोहायला येणार असतील, तर यश हमखास येते.

क्लोरीन भर दुपारी बारा वाजता टाकावे. ते उन्हाने उडून जाते आणि शेवाळाला सुखाने वाढता येते.

फिल्टरच्या दाबाचा काटा चढला तरी बॅकवॉश, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणे, करू नये.

तासगावच्या एखाद्या बागायतदार पाहुण्याने द्राक्षबागेतला मोरचूद (कॉपर सल्फेट) सुचवल्यास तो अंदाजाने, मूठमूठ टाकावा. म्हणजे शेवाळ गेले तरी भिंतींवरचे निळसर डाग तरी आठवणीला उरतात.

पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कलीपणाचे माप, तर मुळीच मोजू नये. आमच्याकडे बोअरचे जड पाणी आहे, त्याचा पीएच ८च्या वर जातो आणि तिथे क्लोरीनची धार निम्म्याहून अधिक बोथट होते. आमचे कंत्राटदार मात्र दर आठवड्याला पावडरीचा डबा उपडा करतात, डब्यासह तलावाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि पाणी हिरवेच राहिले की पुढच्या खेपेला दोन डबे टाकून दोन डब्यांचे बिल लावतात. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! मी पीएचचे विचारले, तर "साहेब, पाणी बघूनच कळतंय की," असे उत्तर मिळाले. पायरीवरून घसरून धाकट्या नातवाचा गुडघा फुटला, तेव्हाही ते पाणी बघूनच कळले असावे.

अहो, २० बाय १० फुटांच्या, ४ फूट खोल तलावात साडेबावीस हजार लिटर पाणी असते. पीएच ७.२ ते ७.६वर आणायचा, सांध्यांसकट भिंती घासायच्या, दिवस मावळल्यावर ६५ टक्के क्लोरीनची सुमारे ३५० ग्रॅम पावडर बादलीभर पाण्यात कालवून सोडायची आणि रात्रभर पंप चालवायचा. शेवाळ चिवट असेल, तर दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा करायचे. घासल्याशिवाय त्याचा बुळबुळीत थर फुटत नाही आणि औषध आत पोहोचत नाही, एवढे तुम्हाला कळत नसेल, तर पैसे कशाचे घेता? आणि बिलावर दरमहा 'घासणी' लिहिताना हात कसा थरथरत नाही? काल पंपाच्या खोलीत पाहिले, तर एप्रिलमध्ये मी आणून दिलेला ब्रश दाराआड उभा होता. त्याच्या दातांवरचे दुकानातले प्लास्टिकसुद्धा अजून काढलेले नव्हते.