आमच्या गॅरेजवरच्या रिव्ह्यूला उत्तर : इंजिनाला नुसता रंग मारलेला नाही

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात आणि लिहिलंत की सहा महिन्यांचं काम अकरा महिने रखडवलं, फोन उचलत नाहीत, छप्पर कापायला नकार दिला, आणि "इंजिन रिबिल्ड केलंच नाही, नुसता रंग मारून दिलं, आठवड्यात खटखट सुरू". उशिराबद्दल मनापासून माफी मागतो. पिस्टन आणि गॅस्केटचा सेट अमेरिकेहून मागवला, तो कस्टममध्ये अडकला, त्यात गणपतीला दोन कारागीर गावी गेले. तरी तुम्हाला वेळच्या वेळी कळवायला हवं होतं. ते माझं चुकलं.

पण "नुसता रंग" हा शब्द फार लागला, सर.

तुमची गाडी १९४८ ची शेवरोले. तिच्या सहा सिलिंडरच्या २१६ घनइंची इंजिनात कनेक्टिंग रॉडला, म्हणजे पिस्टन आणि खालचा फिरता क्रँक जोडणाऱ्या दांड्याला, दुकानातून आणून बसवायचं बेअरिंग नसतं. रॉडमध्येच व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ मिश्रधातू, वितळवून ओतायचं, ते बोअर करायचं, मग क्रँकला निळी शाई लावून हाताने खरडत खरडत बसवायचं. केसाच्या जाडीपेक्षा कमी फट ठेवावी लागते. हे काम करणारे हात आता फार थोडे उरलेत. आम्ही ज्या काकांकडून करून घेतो ते सत्तरीच्या पुढचे आहेत. धातू किती तापला हे ते पाइनच्या लाकडाची काडी बुडवून बघतात. काडी तपकिरी व्हायला हवी, पेटता कामा नये. हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको, कारण त्या शनिवारी तुम्ही स्वतः आमच्याबरोबर होतात. स्टुलावर बसून चहा घेतलात, काडीचा व्हिडिओ काढलात, मुलाला दाखवतो म्हणालात. सहाच्या सहा रॉड तुमच्यासमोर ओतले. तो व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये असेल, एकदा बघा.

आता खटखटीचं. या इंजिनात रॉडच्या बेअरिंगला पंपाच्या दाबाने ऑइल मिळत नाही. रॉडच्या खाली चमच्यासारखा तुकडा असतो, तो फिरता फिरता ऑइल उचलतो. म्हणून नव्या मेटलला सुरुवातीला जपावं लागतं. गाडी देताना मी आणि आमच्या हेडमिस्त्रींनी दोघांनीही सांगितलं होतं, पहिले ८०० किलोमीटर ताशी ३५ मैलांच्या वर न्यायची नाही, मग ऑइल बदलायला आणा. रविवारी तुम्ही गाडी नेलीत आणि बुधवारी लोणावळ्याला निघालात. एक्स्प्रेसवेवरचा व्हिडिओ तुम्हीच मला पाठवलात. मीटरचा काटा ६० वर, आणि तो मीटर मैलांचा आहे, किलोमीटरचा नाही. त्या वेगाला हे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास जातं. मी लगेच मेसेज केला, "सर, हळू घ्या, अजून नवीन आहे." तुमचा अंगठा आला फक्त.

इंजिनाखालची ऑइलची टाकी, म्हणजे संप, उघडला तेव्हा तळाला व्हाइट मेटलचा चंदेरी चुरा होता. पाच आणि सहा नंबरच्या रॉडचं मेटल गेलंय. बाकीच्या चार रॉडवर काकांच्या स्क्रेपरच्या खुणा अजून दिसतात.

छपराचं एवढंच, की २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमात चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी बसत नाही. तुम्हाला हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी बदलून जोरदार केलेली, हवी होती, म्हणून दोन कार्बोरेटर आणि दोन सायलेन्सर लावले, पण सगळं बोल्ट काढून मूळ सामान परत बसवता येईल असं. तुमचा जुना मॅनिफोल्ड (कार्बोरेटर ज्यावर बसतो तो पाइपांचा भाग) खोक्यात घालून डिकीत ठेवलाय. छप्पर एकदा कापलं की परत येत नाही, सर.

आमचे आजोबा शिवडीच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात फिटर होते. १९५४ मध्ये तो बंद झाल्यावर त्यांनी लालबागला ही छोटी जागा घेतली. तेव्हापासून तिसरी पिढी हेच काम करतेय. तुमचा रिव्ह्यू आल्यावर परवा एका गिऱ्हाइकाने उघडून ठेवलेली फियाट टेम्पोत घालून परत नेली. कारण विचारलं तर त्यांनी मोबाइल पुढे केला. चार माणसांचे पगार याच कामावर निघतात.

ते दोन रॉड पुन्हा ओतून देतो, मजुरी घेणार नाही. मेटल आणि गॅस्केटचा खर्च मात्र तुम्हाला द्यावा लागेल. यापुढे रनिंग-इनच्या, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवायच्या, सूचना लिहूनच देऊ. तारखांचं आणि फोनचंही काहीतरी नीट लावतो, आमचा पुतण्या बघतो म्हणालाय.

चुरा आणि ते दोन्ही रॉड तुमच्या नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवलेत. रविवार सोडून कधीही या, सकाळी दहा ते रात्री आठ. तुम्ही येणार असाल तेव्हा मी काकांनाही फोन करतो, त्यांना तुमच्याशी बोलायचंय.